डॉक्टरांस पत्र : एक अभ्यास



पत्रलेखन हा आपल्या मराठीच्या अभ्यासक्रमातील एक जुना विषय आहे. मुख्याध्यापकांस रजेचा अर्ज, पुस्तकविक्रेत्यास मागणीपत्र, वडिलांस खुशालीचे पत्र, अशी अनेक पत्रे लिहिण्याचा सराव आपण करतो. परंतु ज्या पत्रावर प्रसंगी माणसाच्या प्रकृतीचे बरेवाईट अवलंबून असते, ते पत्र कसे लिहावे हे आपणांस सहसा कोणी शिकवीत नाही. ते पत्र म्हणजे रोग्याने आपल्या डॉक्टरांस लिहिलेले पत्र होय. आज हे पत्र बहुधा ई-मेलने जाते. ई-मेल या शब्दास कोणी विपत्र, तर कोणी विरोप असे पर्याय सुचविले आहेत; आपण येथे रूढ झालेला शब्दच योजू. हे पत्र लिहिण्याचे काम घरोघरी पुष्कळदा तुमच्यासारख्या शाळकरी मुलामुलींकडे येते, कारण आजीआजोबांपेक्षा या साधनांचा सराव तुम्हांस अधिक असतो. म्हणून या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार करणे अगत्याचे आहे.

गौलीगुड्यात राहणाऱ्या वाचकास प्रथमच अशी शंका येईल की, आपल्या भागात दवाखान्यांची उणीव नाही, मुसी नदीच्या काठी अफझलगंज येथे उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू तर चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे. मग डॉक्टरांस पत्र लिहिण्याचे प्रयोजनच काय? शंका रास्त आहे. परंतु आजच्या काळातील पुष्कळ विकार एका भेटीत संपणारे नसतात. मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात हे विकार वर्षानुवर्षे माणसाची सोबत करतात. दोन भेटींच्या मध्ये कधी एक तर कधी तीन महिने जातात आणि त्या काळात लहानसहान प्रश्न उभे राहतात. नव्या गोळीने तोंड कोरडे पडते, ते चालेल काय? तपासणीचा अहवाल आला आहे, पुढे काय करावे? उपवासाच्या दिवशी मधुमेहाची गोळी घ्यावी की न घ्यावी? एवढ्यासाठी वृद्ध माणसाने रिक्षातून जाऊन दोन तास रांगेत बसावे, हे त्याच्या प्रकृतीस झेपणारे नसते. शिवाय आपल्या मराठी कुटुंबांतील कर्ती मुले अनेकदा पुण्यास, मुंबईस किंवा परदेशी असतात. तीही आईवडिलांच्या डॉक्टरांशी पत्रानेच संपर्क ठेवू पाहतात. दोन भेटींच्या मधली ही जागा भरून काढणे, हेच अशा पत्राचे खरे कार्य आहे.

ही प्रथा नवी नव्हे

रोग्याने डॉक्टरांस पत्र लिहून सल्ला मागावा ही कल्पना यंत्रयुगाने निर्माण केली, असा समज असल्यास तो बरोबर नाही. अठराव्या शतकातील युरोपात ही प्रथा चांगलीच रुळलेली होती. स्वित्झर्लंडमधील लोझान या नगरीत सॅम्युअल ऑगस्ट तिसो (१७२८-१७९७) नावाचे एक विख्यात वैद्य होऊन गेले. त्यांना दूरदूरच्या रोग्यांनी लिहिलेली हजाराहून अधिक सल्लापत्रे आजही लोझान येथे जतन करून ठेवलेली आहेत. १७६१ साली तिसो यांनी सामान्य लोकांसाठी आरोग्याविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वैद्याचा सल्ला घेणाऱ्याने कोणत्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत, याची एक यादीच दिली होती. रोग्याचे वय काय? पूर्वी प्रकृती कशी होती? आजार केव्हापासून व कसा सुरू झाला? ताप आहे काय? तहान लागते काय? झोप कशी आहे? अशा धर्तीचे ते प्रश्न होते. आज अडीचशे वर्षांनंतरही डॉक्टरांस लिहिणाऱ्याने याच प्रश्नांपासून आरंभ करावा, इतके ते मूलभूत आहेत.

स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील प्राध्यापक विल्यम कलन (१७१०-१७९०) यांचाही असाच मोठा पत्रव्यवहार होता. आपण कोणास काय सल्ला दिला याची नोंद राहावी म्हणून ते उत्तरांच्या प्रती ठेवीत. बाष्पयंत्राच्या सुधारणेमुळे आपणांस परिचित असलेल्या जेम्स वॅट यांनी पत्रांची नक्कल काढण्याचे एक यंत्र तयार केले होते. कलन यांनी १७८१ पासून त्या यंत्राचा उपयोग केला. पत्र जपून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी मागचा संदर्भ हाती असतो, ही जाणीव त्यांना त्या काळीही होती.

आता आपल्या परिसरातील एक उदाहरण पाहू. ते रोग्याच्या पत्रांचे नसून एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरास लिहिलेल्या पत्रांचे आहे. तथापि आपल्या विषयावर त्याने फार चांगला प्रकाश पडतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे लष्करी सेवेतील डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले, हे तुम्हांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. या शोधाबद्दल त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु या शोधामागे लंडनमधील डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी चाललेला प्रदीर्घ पत्रव्यवहार होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८९५ ते १८९९ या काळात रॉस यांनी मॅन्सन यांना शंभराहून अधिक पत्रे लिहिली. त्या वेळी पत्र आगबोटीने जात असल्याने पोहोचण्यासच आठवडे लागत. ज्या डासात जंतू सापडले त्याचे शास्त्रीय नाव रॉस यांना माहीत नव्हते. तेव्हा नाव सांगण्याचा अट्टहास न करता त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले तेच नोंदविले: पंखांवर ठिपके असलेला डास आणि होडीच्या आकाराची अंडी. पुढे हा डास ॲनॉफिलिस जातीचा असल्याचे ठरले. नाव ठाऊक नसतानाही वर्णन अचूक असल्यामुळे काम अडले नाही. हा धडा प्रत्येक पत्रलेखकाने मनात ठेवावा. रोगाचे नाव आपणांस ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. आपण काय पाहिले, केव्हा पाहिले व किती वेळा पाहिले, हे नीट सांगता आले म्हणजे पुरे.

पत्राचा आणखी एक गुण आहे. समोरासमोर जे बोलवत नाही ते माणूस कागदावर लिहू शकतो. मराठीत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. कर्वे हे पेशाने डॉक्टर नव्हते. ते गणिताचे प्राध्यापक होते. तरीही शरीरस्वास्थ्याविषयीचे जे प्रश्न घरात वा दवाखान्यात विचारण्याची सोय नव्हती, ते प्रश्न लोक त्यांना पत्राने विचारीत व ते त्यांची उत्तरे छापीत. या उत्तरांवरून त्यांच्यावर खटलाही झाला आणि १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात मांडण्यास स्वतः डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. शरीराविषयी प्रश्न विचारणे ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे, हे त्या पिढीने मोठी किंमत देऊन सिद्ध केले. आज ई-मेलने प्रश्न विचारणाऱ्या रोग्यास ते स्वातंत्र्य सहज लाभले आहे.

नियम काय सांगतात?

संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात संदेश पाठविण्याचा प्रयोग अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली केला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. रोगी व डॉक्टर यांनी ई-मेल कसा वापरावा याविषयी अमेरिकेतील वैद्यकीय माहितीशास्त्राच्या संघटनेने १९९८ साली काही मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. तातडीच्या कामासाठी ई-मेल वापरू नये, उत्तर किती अवधीत मिळेल हे आधी ठरवून घ्यावे, विषयाच्या ओळीत कामाचा प्रकार लिहावा, पत्रात रोग्याचे नाव व नोंदणी क्रमांक असावा, ही त्यांतील प्रमुख सूत्रे होत.

भारतात मात्र बराच काळ या बाबतीत संदिग्धता होती. २०१८ साली रत्नागिरी येथील एका प्रकरणात, रोग्यास प्रत्यक्ष न पाहता दूरध्वनीवरून उपचार सांगितल्याचा व त्यात रोगी दगावल्याचा आरोप डॉक्टरांवर होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर दुरून सल्ला देणे कायद्यास धरून आहे की नाही, अशी चिंता अनेक डॉक्टरांना वाटू लागली. पुढे करोनाच्या साथीच्या वेळी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र शासनाने दूरवैद्यकाविषयी मार्गदर्शक नियम जाहीर केले आणि हा संभ्रम पुष्कळसा दूर झाला. या नियमांत दृश्यसंवाद, ध्वनिसंवाद आणि लिखित संवाद असे तीन प्रकार मानले असून ई-मेलची गणना तिसऱ्या प्रकारात केली आहे. कोणत्या प्रसंगी रोग्यास प्रत्यक्षच पाहावे लागेल, हे ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. काही औषधे पहिल्या सल्ल्यात केवळ दृश्यसंवादानंतरच देता येतात, तर गुंगी आणणारी व व्यसन लावणारी काही औषधे दुरून देताच येत नाहीत. डॉक्टरांनी औषधपत्रावर आपला नोंदणी क्रमांक लिहिला पाहिजे व झालेल्या संवादाची नोंद ठेवली पाहिजे. विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा नियम असा की, रोगी अल्पवयीन असेल तर दुरून सल्ला घेताना त्याच्यासोबत प्रौढ व्यक्ती असली पाहिजे. तेव्हा स्वतःच्या दुखण्याविषयी घरात कोणास न सांगता परस्पर ई-मेल धाडणे योग्य नव्हे.

जेथे पत्र लिहू नये

पत्र कसे लिहावे हे शिकण्यापूर्वी ते कोठे मुळीच लिहू नये हे शिकले पाहिजे. ई-मेल क्षणार्धात पोहोचतो, पण तो क्षणार्धात वाचला जातो असे नाही. डॉक्टर त्या वेळी शस्त्रक्रियेत असतील, बाह्यरुग्णांची गर्दी असेल, किंवा मध्यरात्र असल्याने ते निजले असतील. पत्र गेले म्हणजे आपले कर्तव्य संपले, या समजुतीने निश्चिंत बसणे यासारखा धोका नाही. तसेच उत्तर आले नाही, याचा अर्थ काळजीचे कारण नाही, असाही कधी करू नये.

छातीत दाबल्यासारखी कळ येऊन ती खांद्यात, हातात वा जबड्यात जाणे व दरदरून घाम सुटणे, एकाएकी तोंड वाकडे होणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, धाप लागून बोलता न येणे, शुद्ध हरपणे, झटके येणे, न थांबणारा रक्तस्राव, सर्पदंश, विषबाधा: या प्रसंगी पत्र नको, वाट पाहणे नको, इंटरनेटवर शोध घेत बसणे तर मुळीच नको. मेंदूत रक्ताची गाठ अडकून झालेल्या पक्षाघातावर ती गाठ विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तो काळ पत्राच्या उत्तराची वाट पाहण्यात गेला, तर गेलेली संधी परत येत नाही. अशा वेळी १०८ हा क्रमांक फिरवावा. ही रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी आपल्या हैदराबादेतूनच सुरू झाली, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. डेंग्यूच्या दिवसांत ताप उतरल्यावरही पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या होणे किंवा हिरड्यांतून रक्त येणे, हीदेखील तत्काळ रुग्णालयात नेण्याचीच लक्षणे होत.

दुखण्याची भाषा

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. येथे आपणां हैदराबादकर मराठी भाषकांपुढे एक विशेष अडचण उभी राहते. आजीने आपले दुखणे मराठीत सांगावयाचे, नातवाने ते इंग्रजीत लिहावयाचे आणि तेलुगू वा उर्दू मातृभाषा असलेल्या डॉक्टरांनी ते वाचावयाचे, असा हा तीन टप्प्यांचा प्रवास असतो. प्रत्येक टप्प्यावर अर्थाचा थोडाबहुत अंश गळून पडतो.

मराठी भाषा दुखण्याच्या वर्णनात विलक्षण संपन्न आहे. कळ, ठणका, चमक, मुरडा, शूल, जळजळ, आग, रग, मुंग्या, रवरव, कणकण हे सारे शब्द निरनिराळ्या वेदना दाखवितात. ठणका सतत ठोके दिल्यासारखा असतो, चमक क्षणभर येऊन जाते, मुरडा पोटात पिळल्यासारखा येऊन ओसरतो. यांतील भेद डॉक्टरांस निदानासाठी फार उपयोगी पडतात. नातवाने या सर्वांसाठी इंग्रजीतील एकच शब्द वापरला, तर आजीने केलेले सूक्ष्म वर्णन वाया जाते. म्हणून एकेका शब्दाचा प्रतिशब्द शोधण्यापेक्षा वेदना कशी आहे, किती वेळ टिकते, कशाने वाढते व कशाने कमी होते, हे साध्या वाक्यांत फोडून लिहावे.

काही शब्द तर थेट फसवे आहेत. 'पित्त झाले' असे आपण म्हणतो, तेव्हा कधी छातीत जळजळ अभिप्रेत असते, कधी आंबट उलटी, कधी डोके दुखणे. आणि 'अंगावर पित्त उठले' म्हटले की खाज सुटणाऱ्या गांधी. याचे शब्दशः भाषांतर केल्यास डॉक्टरांस काहीच बोध होणार नाही. 'उष्णता वाढली' याचे भाषांतर वाचून ताप आला आहे असा समज व्हावयाचा, आणि आजीच्या मनात असावयाची लघवीची जळजळ किंवा तोंडातले फोड. उलट बाजूनेही असेच घडते. तेलुगूत 'कळ्ळु तिरुगुतुन्नाइ' म्हणजे शब्दशः 'डोळे फिरत आहेत'. त्याचा अर्थ केवळ चक्कर येणे असा आहे. मराठीत मात्र 'डोळे फिरवले' म्हटले की रोगी शुद्धीवर नाही असे समजून घरातील माणसे घाबरतील. चार भाषांच्या या शहरात शब्दापेक्षा वर्णनावर विसंबणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

आकड्यांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. आपला मराठी '१' हा ती लिपी न जाणणाऱ्यास इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि '७' हा इंग्रजी सहासारखा. घरच्या वहीतील नोंदीचे छायाचित्र पाठवावयाचे असेल, तर गोळीचे प्रमाण व साखरेचे आकडे सर्वांस समजतील अशा अंकांत पुन्हा लिहावेत. तारीख लिहिताना महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे. कारण अमेरिकेत प्रथम महिना व नंतर दिवस लिहितात आणि तिकडील मुलाने लिहिलेल्या पत्रात एप्रिलचा मार्च होण्यास वेळ लागत नाही. रक्तातील साखरेचा आकडा उपाशीपोटीचा की जेवणानंतर दोन तासांचा, हे सांगितल्यावाचून त्यास काही अर्थ नसतो.

दोन नमुने

विषय स्पष्ट व्हावा म्हणून दोन कल्पित पत्रे ताडून पाहू. पहिले असे:

"आदरणीय डॉक्टरसाहेब, आजीला बरे वाटत नाही. पाय सुजले आहेत. मूत्रपिंडाचा विकार असावा असे आमच्या वाचनात आले. म्हणून गोळी बंद केली आहे. पुढे काय करावे ते लवकर कळवावे."

या पत्रात कळकळ आहे, परंतु डॉक्टरांच्या उपयोगाचे फारच थोडे आहे. कोणती आजी, कोणती गोळी, केव्हापासून सूज, एका पायास की दोन्ही पायांस, यांपैकी काहीही नाही. जे सांगावयाचे नव्हते ते, म्हणजे निदान, मात्र सांगितले आहे. आणि जे विचारून करावयाचे होते ते, म्हणजे गोळी बंद करणे, न विचारताच केले आहे. आता दुसरे पत्र पाहा:

"विषय : रक्तदाबाची नवी गोळी व पायांस सूज (सल्ला हवा, तातडीचे नाही). रोग्याचे पूर्ण नाव व आपल्याकडील नोंदणी क्रमांक खाली दिला आहे. वय ६८, स्त्री. ३ जानेवारीच्या भेटीत आपण ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, रोज सकाळी एक, अशी गोळी सुरू केली. ती नियमित चालू आहे. १४ जानेवारीपासून दोन्ही घोट्यांवर संध्याकाळी सूज येते. सकाळी ती बरीच उतरलेली असते. दुखत नाही, लाली नाही. धाप लागत नाही. रात्री आडवे झाल्यावर त्रास होत नाही. लघवी नेहमीप्रमाणे. घरच्या यंत्रावरील रक्तदाब : १६ जानेवारी, सकाळी ८ वाजता, १३८/८४, १७ जानेवारी, त्याच वेळी, १३४/८२. इतर औषध : मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, दोन वेळा. पूर्वी सल्फाच्या गोळीने अंगावर पुरळ उठले होते. प्रश्न : ही सूज या गोळीमुळे असू शकेल काय? गोळी अशीच चालू ठेवावी की तपासणीस यावे? हे पत्र आजीच्या सांगण्यावरून तिच्या नातवाने लिहिले असून पाठविण्यापूर्वी तिला वाचून दाखविले आहे."

या पत्रात एकही मोठा शब्द नाही, तरी डॉक्टरांस हवे ते सारे आहे. अशा प्रकारच्या गोळीने घोट्यांवर सूज येऊ शकते, हे डॉक्टर जाणतात. दोन्ही पायांची सूज, सकाळी उतरणे, धाप नसणे, या नोंदींवरून गोळी बदलावी, प्रमाण कमी करावे, की प्रत्यक्ष पाहावे, हे त्यांना ठरविता येते. 'नाही' या शब्दाने संपणारी वाक्ये येथे विशेष मोलाची आहेत. एकच पाय सुजून दुखत असता, तर शिरेत रक्ताची गाठ झाल्याची शंका घ्यावी लागली असती. रात्री आडवे होताच धाप लागत असती, तर हृदयाच्या दुर्बलतेची. या दोन्ही प्रसंगी पत्र न लिहिता दवाखानाच गाठावयास हवा होता. काय होत नाही हे सांगणे, हे काय होते हे सांगण्याइतकेच आवश्यक असते.

पत्र एका विषयापुरते व आटोपशीर असावे. डॉक्टर दिवसाचे काम आटोपल्यावर अशी अनेक पत्रे वाचीत असतात. दहा ओळींत मावणारी गोष्ट तीन पानांत लिहिणे म्हणजे दुसऱ्या एखाद्या रोग्याचा वेळ घेणे होय. आलेले उत्तर पुसून टाकू नये. तोंडी सांगितलेली सूचना वृद्ध माणूस घरी येईपर्यंत विसरतो. लिहून आलेले उत्तर मात्र पुन्हा वाचता येते व दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले तर दाखविताही येते.

लेखनिकाचे उत्तरदायित्व

शेवटी एका नाजूक गोष्टीचा विचार करावयाचा आहे. दुसऱ्याच्या वतीने पत्र लिहिणारा विद्यार्थी हा त्या वेळी नुसता टंकलेखक नसतो. रोग्याचे गुपित त्याच्या हाती येते. डॉक्टरांवर गुप्ततेचे जे बंधन असते तेच त्याच्यावरही येते. आजीला रात्री लघवीसाठी किती वेळा उठावे लागते, आजोबांना कोणत्या गोष्टीची भीती वाटते, हे वर्गात सांगण्याचे विषय नव्हेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी आपल्या देशात २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला. परंतु घरातल्या घरात फुटणाऱ्या गुपितास कायदा फारसा आवर घालू शकत नाही. तेथे सभ्यतेचेच बंधन कामी येते. पत्र पाठविण्यापूर्वी पत्ता पुन्हा तपासावा, कारण यंत्र आपण होऊन जवळपासचा दुसराच पत्ता सुचविते. सार्वजनिक ठिकाणच्या संगणकावर असे पत्र उघडे सोडून उठू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, लेखनिकाने रोग्याच्या सांगण्यात स्वतःची भर घालू नये व त्यातून काही वगळूही नये. वृद्ध माणसे पुष्कळदा आपल्या दुखण्याला कमी लेखतात. मुलांना त्रास नको म्हणून 'थोडेसेच आहे' असे म्हणतात. अशा वेळी प्रश्न विचारून खरे काय ते समजून घ्यावे. परंतु लिहावयाचे ते त्यांच्या संमतीनेच. दुसऱ्या भाषेत लिहिलेले पत्र पाठविण्यापूर्वी त्यांना मराठीत समजावून सांगावे आणि 'हे असेच आहे ना?' असे विचारावे. एवढ्याने अर्ध्याअधिक चुका टळतात. आपल्या दुखण्याविषयी आपल्या नावाने काय लिहिले गेले, हे जाणण्याचा त्यांचा हक्कही त्यायोगे राखला जातो.

तात्पर्य, डॉक्टरांस लिहावयाच्या पत्राला अलंकारांची गरज नाही. तारीख, वेळ, प्रमाण आणि पाहिलेली गोष्ट, एवढ्या सामग्रीवर ते उभे राहते. साधने बदलतील, तिसोंच्या काळचे बोरू व टाक गेले, आगबोटीची टपाल गेली, तारयंत्राची सेवाही २०१३ साली बंद झाली, आणि उद्या ई-मेलची जागाही दुसरे काही घेईल. परंतु नीट पाहणे, पाहिले तेवढेच लिहिणे आणि लिहिलेले ज्याचे त्याला वाचून दाखविणे, या तीन सवयी कोणत्याही साधनाबरोबर लागू पडतात. या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वडील माणसांसाठी एक लहानशी वही करावी. त्यांचे विकार, चालू औषधे व त्यांचे प्रमाण, न मानवणारी औषधे, डॉक्टरांचे नाव आणि मागील भेटीची तारीख, एवढे त्यात त्यांना विचारून नोंदवावे, आणि औषध बदलले की ती नोंदही त्याच दिवशी बदलावी. पत्र लिहिण्याची वेळ आली तर ही वही उपयोगी पडेलच. आणि पत्राला अवसर नसेल, रुग्णवाहिकाच बोलवावी लागली, तर ती उचलून बरोबर नेता येईल.